समाधानकारक

गेली काही वर्षं एप्रिलच्या मध्यावर माझ्याकडे एक ठरलेलं काम येतं. भारतीय हवामान विभाग पावसाळ्याचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो, आणि इथल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीला तो त्याच संध्याकाळी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पोचवायचा असतो. कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि मराठी. त्यातली मराठी माझ्या वाट्याला. मूळ मजकूर इंग्रजीत असतो, नकाशे आणि तक्त्यांसह चांगला काही पानांचा. कंपनीला हवा असतो एकच संदेश, मोबाइलचा पडदा वर-खाली न सरकवता वाचून होईल एवढा. तुलनात्मक साहित्यात एम.ए. करताना भाषांतरात काय काय हरवतं यावर मी बरंच वाचलं होतं, परीक्षेत पानं भरभरून लिहिलंही होतं. पण एका शब्दापायी नेमकं काय हरवू शकतं, ते मला २०२३ साली कळलं.

त्या वर्षी अंदाज आला ११ एप्रिलला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर मिळून दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस, त्यात पाच टक्के इकडेतिकडे. दीर्घकालीन सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, ८७ सेंटिमीटर. ९६ ते १०४ टक्के या पट्ट्यात पाऊस झाला तर इंग्रजीत त्याला ‘नॉर्मल’ म्हणतात. ९० ते ९५ म्हणजे त्याहून कमी, आणि ९० च्या खाली गेला की तुटीचा.

या ‘नॉर्मल’ला मराठीत काय म्हणायचं? ‘सामान्य’ म्हटलं तर बेताचा, यथातथाच असा अर्थ कानाला लागतो. ‘सर्वसाधारण’ म्हटलं की ग्रामपंचायतीची सभा डोळ्यांपुढे येते. ‘सरासरीइतका’ हा शब्द नेमका, पण कोरडा. कंपनीतल्या मुलीने फोनवर विचारलं, “मॅम, थोडा पॉझिटिव्ह शब्द नाही का?” तसा शब्द होता. वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं मथळ्यांत वापरून रुळवलेला, तयार. मी लिहिलं, ‘यंदा देशात समाधानकारक पाऊस होण्याची शक्यता.’ संध्याकाळी सहाला संदेश गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच संदेश माझ्या व्हॉट्सॲपवर आला. दादाने पाठवला होता, गावाहून. खाली लिहिलं होतं, ‘बघ, समाधानकारक सांगितलाय.’ मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते हे त्याला ठाऊक होतं. हे वाक्य माझं आहे, हे ठाऊक नव्हतं. मी अंगठा पाठवून दिला. खरं सांगायचं तर मला तेव्हा मजा वाटली. आपलं वाक्य बंगळुरूहून निघून गावातून फिरून परत आलं, याचं कौतुकच वाटलं.

आमची शेती अंबाजोगाई तालुक्यात, सहा एकर, सगळी कोरडवाहू. दादा दरवर्षी चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर घेतो. सोयाबीन गेलं तरी तूर खोलवर मुळं धरते, उशिराच्या पावसावर तग धरते. वडिलांपासूनचा हा हिशेब. त्या वर्षी त्याने तो मोडला. शेजारचं चार एकर रान ठोक्याने घेतलं, पैसे आधी मोजले, आणि दहाच्या दहा एकरांत नुसतं सोयाबीन केलं. पुतणी लातूरला शिकवणीला होती, फीचा दुसरा हप्ता दिवाळीला होता, आणि तूर काही दिवाळीपर्यंत थांबून पैसा देत नाही. ‘यंदा पाऊस आहे’ हे गृहीत धरूनच त्याने हा डाव मांडला होता. त्याने मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. बहुतेक तोच शब्द पुन्हा सांगितला असता.

मृग कोरडा गेला. मोसमी पाऊस ११ जूनला कोकणात पोचला आणि तिथेच रेंगाळला. आमच्याकडे पेरण्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाल्या. त्यानंतर मात्र पाऊस बरा झाला. देशभरात जुलै सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त भरला. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात; तरण्याने आणि म्हाताऱ्याने मिळून पीक उभं केलं. दादाने शेताचे फोटो पाठवले. हिरवंगार रान, मध्ये वहिनी कंबरेवर हात ठेवून उभी.

मग ऑगस्ट आला. देशात पावसाच्या नोंदी आहेत तेव्हापासूनचा, म्हणजे १९०१ पासूनचा, तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ३६ टक्के तूट. आश्लेषा गेली, मघा गेली. पडल्या मघा तर ठीक, नाही तर वर बघत बसायचं, असं आमच्याकडे पूर्वापार म्हणतात. तसं गाव वर बघत बसलं. जुलैच्या सुरुवातीला पेरलेलं सोयाबीन नेमकं त्याच दिवसांत फुलावर असतं. जमिनीत ओल नाही, वरून ऊन, अशा वेळी झाड आपला जीव वाचवतं आणि फुलं टाकून देतं. दादा रोज संध्याकाळी फोन करायचा. “पाऊस पडायलाय का तिकडं?” बंगळुरूत पाऊस पडला काय, न पडला काय, अंबाजोगाईला त्याचा उपयोग नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी तो विचारायचा आणि मी खिडकीतून बघून सांगायचे.

सप्टेंबरमध्ये पाऊस परत आला. देशात त्या महिन्यात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त. पण तोवर शेंगांत दाणा भरायचा काळ निघून गेला होता. चारही महिन्यांची बेरीज झाली ९४ टक्के. अंदाज होता ९६, पाच टक्के इकडेतिकडे. म्हणजे अंदाज त्याच्या परीने बरोबर आला, आणि दादाचं पीक गेलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादीत अंबाजोगाईचं नाव होतं. एक रुपयात पीक विमा त्याच खरिपापासून सुरू झाला होता. दादाने स्वतःच्या सहा एकरांचा भरला होता, ठोक्याच्या रानाचा राहून गेला.

ऑगस्टच्या शेवटी एका रात्री मी एप्रिलची ती फाइल पुन्हा उघडली. पहिल्या पानावरचं ठळक वाक्य मी भाषांतरित केलं होतं. त्याखाली एक छोटा तक्ता होता, तो कामात धरलाच नव्हता. त्यात पाच शक्यता होत्या. तुटीचा पाऊस २२ टक्के. सरासरीपेक्षा कमी २९ टक्के. ‘नॉर्मल’ ३५ टक्के. सरासरीपेक्षा जास्त ११ टक्के. अतिरिक्त ३ टक्के. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज मी कागदावर केली. ५१. पाचांपैकी सगळ्यात मोठा आकडा ‘नॉर्मल’चा होता हे खरं, म्हणून ठळक वाक्यात तो होता. पण पाऊस कमी पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हेही त्याच पानावर तितक्याच स्पष्टपणे लिहिलेलं होतं. हवामान विभागाने काही लपवलं नव्हतं. ९६ हा आकडासुद्धा ‘नॉर्मल’च्या अगदी खालच्या पायरीवरचा. या सगळ्याचं मी ‘समाधानकारक’ केलं होतं.

दिवाळीत गावी गेले तेव्हा दादाला सांगितलं. ओसरीवर बसलो होतो, वहिनी आत चुलीपाशी होती. म्हटलं, एप्रिलचा तो मेसेज मी लिहिलेला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला वाटलं पुण्याच्या सायबानं लिव्हलाय.” आणि थोड्या वेळाने, “समाधान कुणाचं, एवढं तरी मी विचारायला पाहिजे होतं.” रागावला असता तर सोपं गेलं असतं.

त्याचा तो प्रश्न मी बरोबर घेऊन आले. समाधान कुणाचं? हा अंदाज मुळात कुणाला उद्देशून लिहिलेला असतो? याचं उत्तर इतिहासात सापडतं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन आणि म्हैसूर उजाड केलं. त्यानंतर सरकारला पावसाची आगाऊ कल्पना हवीशी वाटू लागली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधता येतो का ते पाहिलं आणि १८८६ मध्ये पहिला हंगामी अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागरावरच्या दाबाचा झोका त्यांनी ओळखला, आणि त्याचं एल निनोशी असलेलं नातं नंतरच्या पिढ्यांनी उलगडलं. खातं १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यात त्या चौकाला अजून सिमला ऑफिस चौक म्हणतात. दीर्घकालीन अंदाज आजही पुण्यात तयार होतो. मात्र त्या वाक्याचा वाचक सुरुवातीपासून सरकार हाच राहिला. देशात धान्य किती होईल, कुठे तुटवडा पडेल, महसूल किती बुडेल? या प्रश्नांना देशभराची एक सरासरी पुरते. आज त्यात बँका आणि बाजार यांची भर पडली, एवढंच.

शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. तो ‘किती’ असं विचारत नाही. कधी येणार, आल्यावर किती दिवस उघडीप देणार, फुलावर असताना खंड पडणार का, एवढंच त्याला हवं असतं. एका राजाला उद्देशून लिहिलेलं पत्र आपण पाकिटावरचं नाव बदलून त्याच्या प्रजेला पाठवतो, आणि आतला मजकूर तसाच ठेवतो. मराठवाडा या हवामान उपविभागात १९ टक्क्यांपर्यंत तूट असली तरी नोंद ‘नॉर्मल’ अशीच होते. राजाच्या हिशेबात ते ठीक आहे. दहा एकरवाल्याच्या हिशेबात नाही.

आमच्याच बीड जिल्ह्यात २०१७ च्या जुलैमध्ये माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलिस ठाण्यात हवामान विभागाविरुद्ध तक्रार दिली होती. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरलं आणि पावसाने दडी मारली. बियाणं-खतं-औषधं विकणाऱ्यांशी संगनमत करून अंदाज दिला, असा त्यांचा आरोप. तेव्हा मी ती बातमी वाचून हसले होते. ढगांवर फिर्याद, असं काहीतरी मित्रांना सांगितलंही होतं. आता हसू येत नाही. संगनमताचा आरोप मला पटत नाही. त्या वर्षी अंदाज ९८ टक्के होता आणि पाऊस झाला ९५. पण त्या माणसांना कुणीतरी एक शब्द दिला होता, तो त्यांनी ‘शब्द दिला’ या अर्थाने घेतला, आणि तो मोडल्यावर ते ठाण्यात गेले. मराठीत शब्द देणं म्हणजे वचन देणं, हे भाषांतरकाराला तरी ठाऊक असायला हवं होतं.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीला एक काका असतात, बिदर जिल्ह्यातल्या भालकीचे. घरी मराठी, बाजारात कन्नड. तीन एकर रान आहे, सोयाबीन आणि तूर. २०२४ च्या एप्रिलमध्ये बंगळुरू तापलं होतं. २८ तारखेला ३८.५ अंश. महिनाभर शहराच्या वेधशाळेत पावसाचा थेंब नोंदला गेला नाही. बोअर आटले होते, टँकरची रांग फाटकापर्यंत यायची आणि काका वहीत नंबर टिपत बसायचे. कागदावर मात्र ही उष्णतेची लाट नव्हे, कारण मैदानी भागात लाट म्हणायला पारा किमान ४० वर जावा लागतो, आणि इथला आजवरचा उच्चांकच ३९.२ आहे. त्याच दिवसांत काका मला म्हणाले, “ताई, मिरगाला मी गावी जाणार. पाऊस येवो न येवो, मिरगाला माणूस रानात पाहिजे.” त्यांच्या बोलण्यात मिरग असतो आणि ‘आरिद्रा मळे’ही असते, मळे म्हणजे कन्नडमध्ये पाऊस. इथून जवळच आनेकलकडे नाचणी करणारे शेतकरीसुद्धा पावसाला नक्षत्राच्याच नावाने ओळखतात. इलेक्ट्रॉनिक सिटी ज्या जमिनीवर उभी आहे ती कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांची. इथेही एके काळी पाऊस याच नावांनी मोजला गेला असणार.

पंचांगातला कोल्हा, मोर किंवा म्हैस पाऊस आणते असा माझा विश्वास नाही. दादाचाही नाही, जरी तो दर पाडव्याला ते वाचून घेतो. पण नक्षत्रांची ही भाषा पाऊस तेरा-चौदा दिवसांच्या तुकड्यांत मोजते. कोणत्या तुकड्यात पडला आणि कोणत्यात नाही, हे सांगणं हेच तिचं काम. शेतातल्या पावसाचे सगळे शब्द असेच वेळेचे आणि मातीचे आहेत. वळीव, झड, भीज पाऊस, उघडीप, खंड, वाफसा, दुबार पेरणी. यातला एकही शब्द माझ्या संदेशात कधी आला नव्हता. मी इंग्रजीतून मराठीत आले होते, पण राजाच्या भाषेतून शेतात उतरलेच नव्हते.

२०२४ पासून मी संदेश पाठवण्याआधी दादाला फोनवर वाचून दाखवते. तो चांगला संपादक निघाला. “‘अपेक्षित आहे’ काढ. कोण अपेक्षा करायलंय?” “‘पर्जन्यमान’ काढ.” “देशात म्हणतीस, मग आमच्या मंडळाचं काय, ते सांग. ठाऊक नसलं तर ठाऊक नाही म्हण.” त्यातून एक मजकूर तयार झाला: ‘हा अंदाज साऱ्या देशाचा मिळून आहे. आपल्या मंडळात किती आणि कधी पडेल, मध्ये खंड पडेल का, हे यावरून कळत नाही. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरू नका.’ शेवटचं वाक्य कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात तेच. कंपनीला मधल्या वाक्याची अडचण वाटली. ‘कळत नाही’ असं लिहिलं तर लोक ॲप कशाला ठेवतील? दोन दिवस मेलामेली झाली. मी म्हटलं, ते वाक्य जाणार असेल तर माझं काम थांबवा. वाक्य राहिलं, थोड्या बारीक अक्षरांत.

शब्द नीट झाला म्हणजे पीक वाचलं, असं मात्र झालं नाही. २०२५ साली अंदाज १०५ टक्के होता. मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात पोचला आणि दोन दिवसांत मुंबईत. रानं भिजली, गावात तिफणी बाहेर निघाल्या. कृषी विभाग सांगत होता, घाई करू नका. दादा थांबला. पुढे जूनच्या मध्यापर्यंत पाऊस खरोखरच अडला. घाई केलेल्या काहींना दुबार पेरणी करावी लागली, दादाला नाही. त्याने फोनवर एवढंच सांगितलं, “तुझं वाक्य चाललं.” आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. काढणीला आलेलं सोयाबीन गुडघाभर पाण्यात राहिलं, शेंगांना तिथेच कोंब फुटले. तूर होती दोन ओळी. तिचीही मुळं सडली. हंगामाची बेरीज १०८ टक्के. अंदाज पुन्हा बरोबर.

त्या वेळी दादाने फोन केला नाही, मीच केला. तो म्हणाला, “आता ‘सरासरीपेक्षा जास्त’ आलं तरी भ्या वाटतंय. त्याला काय शब्द लावशील?” मला सुचला नाही. अजून सुचलेला नाही.

एप्रिल जवळ आलाय. मेल आला की आधी तक्ता उघडायचा, आकडे कागदावर उतरवून घ्यायचे, मग वाक्याला हात लावायचा, हे मी ठरवून टाकलं आहे. दादा रानातून पाचच्या सुमारास घरी येतो आणि त्यानंतरच फोन उचलतो. कंपनीला मजकूर सहाला हवा असतो. आमच्या हातात तेवढा एक तास आहे.